'जाहीर करणे' इंग्रजीत कसे लिहावे? खासबागेतल्या पंचापासून सोसायटीच्या नोटिशीपर्यंत

कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्ती निकाली झाली, की दोन गोष्टी पाठोपाठ होतात. पंच विजयी मल्लाचा हात वर करतो आणि निवेदक माइकवरून त्याचे नाव पुकारतो. मराठीत दोघांचेही काम आपण एकाच क्रियापदावर भागवतो: निकाल जाहीर केला. इंग्रजीत मात्र पंच 'डिक्लेअर' करतो आणि निवेदक 'अनाउन्स' करतो.

फरक कळायला लाउडस्पीकर बंद पडला असे समजा. निकाल बदलतो का? नाही. आता पंचाने हातच वर केला नाही असे समजा. मग निकालच लागलेला नाही, निवेदक कितीही ओरडू दे. ज्याच्या शब्दाने किंवा सहीने गोष्ट घडते, तो डिक्लेअर करतो. घडलेली किंवा घडणार असलेली गोष्ट जो लोकांच्या कानावर घालतो, तो अनाउन्स करतो. या लेखातली बाकीची क्रियापदे निवडतानाही हीच सवय कामाला येते: शब्द शोधण्याआधी बोलणारा कोण आणि त्याच्या बोलण्याने काय बदलते, हे बघायचे.

संस्थेचे सचिव, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, परदेशी ग्राहकांना पत्रे लिहिणारे कारखानदार आणि स्पर्धा परीक्षेची मुले, या सगळ्यांची अडचण इथे सारखीच असते. शब्दकोशात 'जाहीर करणे'समोर आठ-दहा इंग्रजी शब्द ओळीने दिलेले असतात आणि पहिला दिसेल तो उचलला जातो.

पायरी पहिली: मराठी वाक्याला कर्ता द्या

सरकारी मराठीला कर्ता लपवायची सवय आहे. 'कळविण्यात येते की', 'जाहीर करण्यात आले आहे'. इंग्रजी क्रियापद तर कर्त्यावरच ठरते. म्हणून भाषांतराला बसण्याआधी वाक्य साधे करून घ्या: कोणी, काय, कोणाला, कशातून. 'शाळांना सुट्टी जाहीर करण्यात आली' हे 'जिल्हाधिकाऱ्यांनी शाळांना सुट्टी जाहीर केली' असे झाले, की 'डिक्लेअर' आपोआप समोर येते, कारण सुट्टी देण्याचा अधिकार त्यांचा आहे. 'मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी सुट्टी जाहीर केली' यात ते फक्त निरोप देत आहेत, म्हणून 'अनाउन्स'.

परीक्षेचा निकाल मंडळ 'डिक्लेअर' करते, परीक्षेच्या तारखा 'अनाउन्स' करते. मतमोजणीनंतर उमेदवार निवडून आल्याचे निर्णय अधिकारी 'डिक्लेअर' करतो, वाहिन्या ते 'अनाउन्स' करतात. साखर कारखाना उसाची पहिली उचल 'अनाउन्स' करतो. एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, मात्र तो ठरवत नाही, ती केंद्र सरकार ठरवते. त्यामुळे 'कारखान्याने एफआरपी डिक्लेअर केली' हे इंग्रजीत लिहिले, तर भाषेबरोबर माहितीही चुकते.

'डिक्लेअर'चा आणखी एक उपयोग आहे, तो स्वतःजवळचे सांगण्याचा. उत्पन्न, मालमत्ता, विमानतळावर सोबत आणलेला माल. आपले 'स्वयंघोषणापत्र' म्हणजे 'सेल्फ डिक्लरेशन' ते याच अर्थाने.

पायरी दुसरी: गोष्ट आधी झाकलेली होती का?

होती, तर 'अनाउन्स' आणि 'डिक्लेअर' दोन्ही बाजूला ठेवा. इथे वेगळे कुटुंब सुरू होते आणि मराठी या बाबतीत अजिबात गरीब नाही. उलट मराठी शब्द नीट निवडला तर इंग्रजी शब्द जवळपास हातात येतो.

'माहिती उघड करणे' म्हणजे 'डिस्क्लोज'. यात माहिती कोणाच्या तरी ताब्यात असते आणि ती द्यायची की नाही, हा कर्तव्याचा किंवा निर्णयाचा प्रश्न असतो. म्हणूनच माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात कलम ८ 'डिस्क्लोजर'मधून सूट कशाला आहे ते सांगते. 'समोर आणणे, दिसून येणे' म्हणजे 'रिव्हील'. याचा कर्ता माणूसच असावा लागतो असे नाही: लेखापरीक्षण 'रिव्हील' करते, एक्स-रे 'रिव्हील' करतो. 'वाच्यता करणे' म्हणजे 'डायव्हल्ज', आणि मराठीत जसे आपण बहुतेक वेळा 'वाच्यता करू नका' असेच म्हणतो, तसे हेही नकारातच जास्त येते: 'रिफ्यूज्ड टू डायव्हल्ज'. 'बिंग फोडणे' म्हणजे 'एक्स्पोज'. यात काहीतरी गैर होते, हे गृहीत धरलेले असते. त्यामुळे 'कमिटीने नवी योजना एक्स्पोज केली' असे लिहिले, की योजनेतच घोटाळा असल्याचा अर्थ निघतो. आणि 'फुटणे' म्हणजे 'लीक'. पेपर फुटतो तसा 'लीक्स', कोणी फोडला असेल तर 'वॉज लीक्ड'. मराठीतला 'फुटणे–फोडणे' हा फरक इंग्रजीत असा वाक्यरचनेतून दाखवावा लागतो.

देणगीची रक्कम सांगितली नाही, याला 'अनडिस्क्लोज्ड अमाउंट' म्हणतात, 'अनरिव्हील्ड' नाही. या 'अन'चा उपयोग कसोटीसारखा करता येतो. 'अनडिक्लेअर्ड इन्कम' म्हणजे लपवलेले उत्पन्न. 'अनअनाउन्स्ड व्हिजिट' म्हणजे अचानक दिलेली भेट. 'अनपब्लिश्ड थीसिस' म्हणजे छापला न गेलेला प्रबंध, 'अनॲडव्हर्टाइज्ड पोस्ट' म्हणजे जाहिरात न देता भरलेली जागा. कोणते क्रियापद घ्यावे यावर मन अडखळले, तर त्याचे नकारी रूप आठवा. ते ज्या नामाबरोबर शोभते, त्याच नामाबरोबर मूळ क्रियापदही चालते.

पायरी तिसरी: काढले, सोडले, छापले की गाजवले?

एखादा आदेश 'काढला' म्हणजे 'इश्यू'. आदेश, परिपत्रक, नोटीस, दाखला, इशारा, निवेदन यांना हे चालते. माहिती किंवा बातमी 'इश्यू' होत नाही, तिचा कागद होतो. ताब्यात ठेवलेली गोष्ट 'सोडली' म्हणजे 'रिलीज': आकडेवारी, छायाचित्र, चित्रपट, हॉल तिकीट, धरणातले पाणीसुद्धा. वाचायला उपलब्ध केली म्हणजे 'पब्लिश'. आणि तिची प्रसिद्धी केली म्हणजे 'पब्लिसाइज'.

शेवटच्या दोन शब्दांत फार गोंधळ होतो. मराठीत 'प्रसिद्ध करणे' आणि 'प्रसिद्धी देणे' यांत आपण सहज फरक करतो, तोच इंग्रजीत ठेवायचा. मतदारयादी प्रसिद्ध करतात, म्हणून 'पब्लिश'. शाहू जयंतीच्या कार्यक्रमाला प्रसिद्धी देतात, म्हणून 'पब्लिसाइज'. 'पब्लिश द प्रोग्राम' म्हणजे कार्यक्रमपत्रिका छापली, एवढेच.

राजर्षी शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा आदेश घ्या. करवीर संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांसाठी राखून ठेवणारा तो आदेश संस्थानच्या गॅझेटात आला. इंग्रजीत तो 'इश्यूड' झाला आणि गॅझेटात 'पब्लिश्ड' झाला. दोन्ही शब्द लागतात, कारण घटना दोन आहेत: आदेश काढणे आणि तो लोकांना वाचता येईल अशा जागी छापणे. कितीतरी निबंधांत इथे 'अनाउन्स्ड' लिहिलेले असते. त्याने आदेशाची कायदेशीर ताकद जाते आणि भाषणातली घोषणा तेवढी उरते.

'ब्रॉडकास्ट' हा शब्द मूळचा शेतातला. बी मुठीने फोकून पेरायचे, ते सगळीकडे पडते, कुठल्या सरीत किती गेले हे बघायचे नाही. रेडिओला तो पुढे लागला. म्हणून निवडक लोकांना पाठवलेल्या पत्राला 'ब्रॉडकास्ट' शोभत नाही. त्याला 'सर्क्युलेट', आणि ते हातोहात किंवा यादीप्रमाणे फिरते. अफवाही 'सर्क्युलेट' होतात, हे लक्षात ठेवा.

पायरी चौथी: 'ना' प्रत्ययाचा सापळा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडे थांबू.

मराठीत 'सभासदांना कळवले' आणि 'सभासदांना जाहीर केले' या दोन्हींत 'ना' सारखाच लागतो. इंग्रजी क्रियापदे मात्र दोन गटांत विभागलेली आहेत. 'इन्फॉर्म' आणि 'नोटिफाय' यांच्या लगेच पुढे माणूस येतो, मध्ये 'टू' नाही. 'अनाउन्स', 'डिक्लेअर', 'डिस्क्लोज', 'रिव्हील' यांच्या पुढे माहिती येते, आणि माणूस आणायचाच असेल तर 'टू' लावून.

म्हणून 'वुई इन्फॉर्म्ड टू द मेंबर्स' चूक, 'वुई इन्फॉर्म्ड द मेंबर्स' बरोबर. 'वुई अनाउन्स्ड द मेंबर्स द डेट' चूक, 'वुई अनाउन्स्ड द डेट टू द मेंबर्स' बरोबर. पहिली चूक 'ना'चे भाषांतर 'टू' केल्याने होते. दुसरी होते ती 'टेल' आणि 'गिव्ह'च्या सवयीने.

कर्मणी प्रयोगात ही चूक अर्थच बदलून टाकते. 'द मेंबर्स वेअर इन्फॉर्म्ड' म्हणजे सभासदांना कळवले. 'द मेंबर्स वेअर अनाउन्स्ड' म्हणजे सभासदांची नावे पुकारली, आखाड्यात मल्लांची पुकारतात तशी. 'इट इज हिअरबाय इन्फॉर्म्ड टू ऑल' हे वाक्य फलकावर सर्रास दिसते. त्याऐवजी 'ऑल मेंबर्स आर हिअरबाय इन्फॉर्म्ड दॅट' लिहा. किंवा 'नोटीस इज हिअरबाय गिव्हन टू ऑल मेंबर्स दॅट' लिहा. इथे 'टू' चालतो, कारण दिली जाते ती नोटीस.

'हिअरबाय' हा शब्दही उगाच शिंपडायचा नाही. तो त्याच क्रियापदाबरोबर येतो, जे लिहिताक्षणी घडते: डिक्लेअर, नोटिफाय, इन्फॉर्म. 'आय हिअरबाय रिव्हील' कोणी लिहीत नाही.

'बद्दल'मुळे येणारा 'अबाउट' हा दुसरा खड्डा. 'अनाउन्स्ड अबाउट द इलेक्शन', 'डिस्क्लोज्ड अबाउट द लोन' ही दोन्ही चूक आहेत. 'अबाउट' काढून टाका, वाक्य लगेच सरळ होते. 'इन्फॉर्म'ला मात्र 'अबाउट' किंवा 'ऑफ' चालतो, 'नोटिफाय'ला 'ऑफ'.

परदेशी पत्रव्यवहारात दोन शब्दांना जपा. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतून जर्मनीच्या ग्राहकाला दरवाढ कळवायची असेल, तर 'वुई हॅव नोटिफाइड न्यू रेट्स' लिहू नका. आपल्याकडे 'नोटिफाय'चा अर्थ राजपत्रात छापणे असा रुळला आहे. बाहेरच्या वाचकाला प्रश्न पडतो: कोणाला नोटिफाय केले? 'वुई राइट टू नोटिफाय यू ऑफ अ रिव्हिजन इन प्रायसेस' हे बरोबर. दुसरा शब्द 'इन्टिमेट'. भारतात तो 'रीतसर कळवणे' म्हणून चालतो, पण ब्रिटिश वाचकाला तो 'आडून सुचवणे' असा लागतो. माल पोहोचायला उशीर होईल हे 'इन्टिमेट' केले, तर तुम्ही सूचक काहीतरी बोलत आहात असे त्याला वाटेल. तिथे सरळ 'इन्फॉर्म' वापरा.

पुराच्या दिवसांतली प्रेसनोट

जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात सगळ्यांत जास्त वाचला जाणारा मजकूर म्हणजे पंचगंगेची पाणीपातळी. राजाराम बंधाऱ्याजवळ इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. इंग्रजी प्रेसनोटमध्ये ही दोन नावे 'वॉर्निंग लेव्हल' आणि 'डेंजर लेव्हल' अशीच ठेवा. दर वेळी नवे भाषांतर केले, तर वाचणारा गोंधळतो.

इशारा 'इश्यू' होतो, 'डिक्लेअर' नाही. सुट्टी 'डिक्लेअर' होते. गल्लीतून गाडी फिरवून स्थलांतराची सूचना देतात ते 'अनाउन्स', जुन्या दवंडीचे हे चाकांवरचे रूप. विसर्ग 'रिलीज' होतो आणि तो क्युसेकमध्ये लिहितात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर पाणी. एकाच वाक्यात निवेदनही 'रिलीज' आणि पाणीही 'रिलीज' होऊ देऊ नका. निवेदनाला 'इश्यू' वापरले की प्रश्न मिटतो.

राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला आले की ते आपोआप उघडतात. म्हणून 'द गेट्स ओपन्ड' लिहायचे. 'द गेट्स वेअर ओपन्ड' लिहिले की कोणीतरी ते उघडले असा अर्थ होतो, आणि पुराच्या दिवसांत हा अर्थ भांडणाला कारण ठरतो.

नोटचा क्रम असा ठेवा: वर गाव आणि तारीख, पहिल्या वाक्यात पातळी आणि ती मोजल्याची वेळ, दुसऱ्यात कोणी काय इश्यू किंवा डिक्लेअर केले, तिसऱ्यात लोकांनी काय करायचे. मोजल्याची वेळ नसेल तर तीच नोट संध्याकाळी पुन्हा फिरते आणि जुना आकडा नवा होऊन बसतो.

सभेची नोटीस

गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधींप्रमाणे सर्वसाधारण सभेला १४ पूर्ण दिवसांची नोटीस लागते, विशेष सर्वसाधारण सभेला ५ पूर्ण दिवसांची. इंग्रजीत 'क्लिअर डेज' लिहायचे. नुसते 'डेज' लिहिणे पुरत नाही, कारण पूर्ण दिवसांत नोटीस दिल्याचा आणि सभेचा असे दोन्ही दिवस धरत नाहीत. नोटीस १० तारखेला दिली तर ११ ते २४ हे चौदा दिवस, सभा लवकरात लवकर २५ ला.

या नोटिशीत लाभांशाचा विषय असतो आणि तिथे 'द बोर्ड हॅज डिक्लेअर्ड अ डिव्हिडंड' असे लिहून सचिव मोकळे होतात. संचालक मंडळ फक्त शिफारस करते, म्हणजे 'रेकमेंड'. डिक्लेअर सभा करते, आणि सहकार कायद्याने त्याला १५ टक्क्यांची मर्यादा आहे. इथेही खासबागेची कसोटी: हात वर करणारा पंच म्हणजे सभा.

फलकावर लावणे म्हणजे 'डिस्प्ले', सभासदांना पाठवणे म्हणजे 'सर्क्युलेट', हातात देऊन पोच घेणे म्हणजे 'सर्व्ह'. पुढे वाद झाला तर यातले नेमके काय केले हेच विचारले जाते. त्यामुळे इतिवृत्तात 'इन्फॉर्म्ड'वर भागवू नका.

सरकारी कागद वाचताना

लिहिताना चूक झाली तर दुरुस्त करता येते. सरकारी कागद वाचताना शब्द चुकीचा समजला तर मुदत जाते.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात कलम ११ खाली 'प्रिलिमिनरी नोटिफिकेशन' निघते आणि कलम १९ खाली 'डिक्लरेशन'. मराठी बातमीत दोन्ही 'जाहीर' होतात. पण नोटिफिकेशन प्रसिद्ध झाल्यापासून ६० दिवसांत हरकत घेता येते, आणि डिक्लरेशन म्हणजे सरकारने खासबागेतल्या पंचासारखा हात वर केला. नोटिफिकेशननंतर १२ महिन्यांत डिक्लरेशन आले नाही, तर कायद्याने नोटिफिकेशन रद्द ठरते. सरकारने मुदत वाढवली असेल तर गोष्ट वेगळी. गावात नोटीस लागली की आधी कलमाचा आकडा वाचा, मग बाकीचे.

निवडणुकीतही दोन टप्पे असतात. आयोग कार्यक्रम 'अनाउन्स' करतो आणि लोकसभा-विधानसभेची आचारसंहिता त्या घडीपासून लागते. उमेदवारी अर्ज मात्र 'नोटिफिकेशन' निघाल्यावरच भरता येतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचची मागणी वर्षानुवर्षे भाषणांतून 'अनाउन्स' होत राहिली. मुख्य न्यायमूर्तींचे नोटिफिकेशन १ ऑगस्ट २०२५ रोजी निघाले आणि १८ ऑगस्टपासून कामकाज सुरू झाले.

अध्यादेशाला 'प्रॉमल्गेट' हा खास शब्द आहे, मराठीत 'प्रख्यापित करणे'. राज्यपाल राज्यघटनेच्या अनुच्छेद २१३ खाली ते करतात. सोसायटीचे नियम 'प्रॉमल्गेट' करू नका, हसे होते. 'प्रोक्लेम' आणीबाणीच्या उद्घोषणेसाठी आणि फरारी आरोपीसाठी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ८४ प्रमाणे फरारीची उद्घोषणा तो राहतो त्या गावात ठळक जागी मोठ्याने वाचायची, त्याच्या घरावर चिकटवायची आणि न्यायालयातही लावायची. हजर व्हायला किमान ३० दिवस द्यायचे. हलगीवाला नसला तरी कायद्यात दवंडी शिल्लक आहे ती अशी.

माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये आणखी एक शब्द भेटतो, 'डिसेमिनेट'. त्याची व्याख्या कायद्यानेच दिली आहे: सूचनाफलक, वर्तमानपत्र, जाहीर घोषणा, प्रसारमाध्यमे, इंटरनेट किंवा कार्यालयात पाहायला ठेवणे, यांपैकी कशानेही लोकांपर्यंत माहिती पोहोचवणे. याच कलमात १७ बाबी कार्यालयाने कोणी न मागता 'पब्लिश' करायच्या आहेत. अर्ज करण्याआधी त्या यादीत तुमची माहिती आहे का बघा. असेल तर अर्जात 'प्लीज डिस्क्लोज'बरोबर 'विच वॉज टू बी पब्लिश्ड अंडर सेक्शन फोर' असा उल्लेख करा. मग माहिती मागण्याबरोबर कार्यालयाचे राहून गेलेले कामही कागदावर येते.

पाठवण्याआधी

नामे सगळी एका साच्याची नाहीत. 'अनाउन्स'चे 'अनाउन्समेंट', 'डिक्लेअर'चे 'डिक्लरेशन', 'डिस्क्लोज'चे 'डिस्क्लोजर', 'रिव्हील'चे 'रेव्हेलेशन'. 'डिस्क्लोजमेंट' असा शब्द नाही. 'ब्रॉडकास्ट'चा भूतकाळ 'ब्रॉडकास्ट'च लिहा. 'पब्लिकली'च्या स्पेलिंगमध्ये 'सी'नंतर थेट 'एल-वाय' येते, 'बेसिकली'सारखे मधले 'ए-एल' नाही. आणि 'पब्लिक' लिहिताना 'एल' गळला तर संगणकाचा स्पेलिंग तपासनीस गप्प बसतो, कारण उरलेला शब्दही इंग्रजीत आहे आणि तो नोटिशीच्या मथळ्यावर कोणालाच नको असतो. मथळा नेहमी दुसऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या.